शिकरणातली गोळी

अल्झायमर झालेल्या माणसाने गोळी नाकारली, तर ती लपवून द्यावी का? अनेक घरांत हा प्रश्न रोज जेवणाच्या वेळी उभा राहतो. विचार करायला सवड मिळत नाही. गोळी कशीतरी दिली जाते, नाहीतर राहून जाते. मी तो प्रश्न दोन भावंडांच्या तोंडी घालतो आहे. ताई आईला सांभाळते. धाकट्या भावाचं दुसऱ्या गावात औषधांचं दुकान आहे.

ताई: रात्री आईची डोनेपेझिलची गोळी कुटून शिकरणात घालते. हातावर ठेवली की थुंकते ती. विष घालतेस म्हणते मला. काय करू?

भाऊ: मी तुला एकदम चूक म्हणणार नाही. पण ती नको का म्हणते, ते कधी पाहिलंस?

ताई: कारण सांगता आलं असतं तर गोळी कशाला लागली असती?

भाऊ: शब्दांत नाहीच सांगणार. या गोळीने मळमळतं, भूक मरते, पोट बिघडतं, काहींना रात्री फार ठळक स्वप्नं पडतात. आई हल्ली दचकून उठते म्हणालीस ना? तिचा नकार हट्ट असेल, पण शरीराची तक्रारही असेल. तक्रार करायची ती एकच वाट तिच्याकडे उरली होती. शिकरणाने ती बंद झाली.

ताई: दहा वर्षांपूर्वीची आई असती, तर म्हणाली असती, दे मला गोळी. मी त्या आईचं ऐकते.

भाऊ: ती आई खरी होती. पण थुंकते तीही आईच आहे. 2017च्या मानसिक आरोग्य कायद्याने आपल्या उपचारांबद्दल आधीच लिहून ठेवता येतं, प्रतिनिधी नेमता येतो. तिने काही लिहिलं नाही. म्हणून तिच्या वतीने आपण बोलतो, आणि बोलताना आपली सोय तिच्या तोंडी घालतो.

ताई: सोय? रात्रभर उठ-बस मी करते. तू फोनवरून तत्त्वं सांगतोस.

(ताईचं हे म्हणणं मला खोडता येत नाही. रात्री न उठणाऱ्याने तिला खोटारडी ठरवू नये.)

भाऊ: बरोबर आहे तुझं. मग गोळीचंच बोलू. मेंदूतल्या पेशींचे निरोप पोचवणारं अ‍ॅसिटिलकोलीन नावाचं रसायन या आजारात कमी पडतं. डोनेपेझिल ते लवकर मोडू देत नाही, म्हणून काहींना काही काळ थोडा फरक पडतो. आजार थांबत नाही. खोटं वागून आपण एवढंच मिळवतो. फिट्सची गोळी असती तर मीच म्हणालो असतो, डॉक्टरांना विचार आणि घाल शिकरणात.

ताई: म्हणजे खोटं किती चालेल, ते गोळीवर ठरणार?

भाऊ: मला तसंच वाटतं. न दिल्याने मोठं नुकसान होणार असेल, तरच लपवायला काही आधार. आणि लपवल्याने काय बिघडतं तेही बघ. शिकरण अर्धं टाकलं तर औषध किती गेलं कळत नाही. तू बाहेर गेलीस की कुणीतरी न कळून दुसरी गोळी देईल. ही गोळी नाडी मंदावते, बीपीची मेटोप्रोलोलही मंदावते. चक्कर येऊन पडली तर? सर्दीच्या झोप आणणाऱ्या गोळ्या तर हिच्या अगदी उलट काम करतात. शिवाय ही कडू असते. तिने शिकरणच सोडलं तर?

ताई: सोडलंय. आता दूधभातही हुंगून बघते.

भाऊ: डॉक्टरांना माहीत आहे?

ताई: नियमित घेते म्हणून सांगितलंय मी.

भाऊ: मग उद्या आधी ते. आईपासून लपवावं का, यावर आपण भांडू. डॉक्टरांपासून लपवणं मात्र धोक्याचंच. सगळं ठीक आहे समजून ते पाचाची दहा मिलिग्रॅम करतील. मळमळीचं, स्वप्नांचं सांग. सकाळी दिली तर चालेल का विचार. किंवा ही बंद करून रिव्हास्टिग्मिन या अशाच औषधाचा पॅच जमेल का, तेही.

ताई: पॅच पाठीवर लावतात ना, तिचा हात पोचू नये म्हणून? मग त्यात वेगळं काय?

भाऊ: फार वेगळं नाही. पण लावताना सांगता येतं, आई, हे आठवणीचं औषध आहे, लावू का? थोड्या वेळाने विसरेल. पण विचारलं तेव्हा तिला नको म्हणता येतं.

ताई: आणि नकोच म्हणाली तर?

भाऊ: थोडं थांबून पुन्हा विचार. तरी नको, तर त्या दिवशी नाही, आणि वहीत लिहून ठेव. तीनपेक्षा जास्त दिवस खंड पडला तर त्याच मात्रेवर परत जायचं नाही. डॉक्टरांना विचारून सगळ्यात कमीपासून सुरुवात. आणि नवा लावण्याआधी जुना काढलाच पाहिजे. एकावेळी अनेक पॅच अंगावर राहून माणसं दगावली आहेत.

ताई: करीन हे सगळं. पण तिचं ‘नको’ रोज मी एकटीने ऐकणार नाही. महिन्यातला एक आठवडा दुकान बंद ठेव, इथे ये, आणि तिला तू विचार.