कानाने शिकलेला ठेका आणि ज्ञानाचा प्रश्न

रत्नागिरी जिल्ह्यातल्या वाड्यावाड्यांतून भजनाचा पखवाज मुले बहुधा कानानेच शिकतात. समोर पुस्तक नसते, मात्रांचा तक्ता नसतो. गणपतीत आरतीला लहानग्याच्या हातात झांज येते, पुढे मंडळाच्या बैठकीत टाळ मिळतो, आणि बुवांच्या पेटीशेजारी बसून बसून एक दिवस पखवाजावर हात टाकायची वेळ येते. तोवर बोल तोंडात पक्के बसलेले असतात. भजनी ठेका 8 मात्रांचा, हे अशा मुलाला सांगता येईलच असे नाही. पण गजराला लय चढली तरी त्याची सम सुटत नाही. जे करता येते पण सांगता येत नाही, त्याला ज्ञान म्हणावे काय, हा प्रश्न इथे खरोखर उभा राहतो. वाजवणे ही देवापुढची सेवा असल्यामुळे त्याला दुसरी बाजूही आहे: न समजता केलेली सेवा पोचते काय?

या शंकेला परंपरेतच बळकट आधार आहे. वेद पाठ करून अर्थ न जाणणारा माणूस म्हणजे भार वाहणारा नुसता खांब, असे यास्काच्या निरुक्तात म्हटले आहे. उलट बाजूला याज्ञवल्क्यस्मृतीतले एक वचन आहे. वीणावादनाचे तत्त्व जाणणारा, श्रुती आणि जातींत निष्णात असलेला व ताल ओळखणारा मनुष्य सायासाविना मोक्षमार्गाला लागतो, असे ते सांगते. आणि हे वचन येते संन्याशाच्या धर्माचे विवेचन चालू असताना. या स्मृतीवरची ‘अपरार्क’ ही टीका उत्तर कोकणच्या शिलाहार घराण्यातल्या अपरादित्याच्या नावावर आहे. तिचा परामर्श घेणारे ‘धर्मशास्त्राचा इतिहास’कार पां. वा. काणे यांचा जन्मही 1880 साली चिपळूणजवळच्या परशुरामचा. स्मृतिकाराने वाद्याला मोक्षाच्या वाटेवर जागा दिली खरी, पण ‘जाणणाऱ्याला’ दिली. मूल जाणते काय, हे ठरवावे लागतेच.

इथे यास्काचा आक्षेप नीट लावून पाहायला हवा. ऋचेचा अर्थ तिच्या उच्चाराहून वेगळा सांगता येतो, म्हणून अर्थाविना पाठ रिकामा राहू शकतो. ठेक्याचे तसे नाही. ठेका समजणे म्हणजे आवर्तन कुठे भरते, सम कुठे येते, ओळीला कुठे जागा द्यायची हे समजणे. आणि ही समज वाजवण्यातूनच दिसते. बुवा गवळणीतली एखादी ओळ आळवत राहिले की कानाने तयार झालेले मूल हात हलका करते, ठेका धरून ठेवते आणि ध्रुवपद आले की मोकळा हात टाकते. कोरसातला एखादा टाळ पुढे पळाला तर ते लगेच तिकडे बघते. चूक झाल्याचे ज्याला कळते त्याला बरोबर काय हे कळलेले असते. ज्ञानाची याहून चोख परीक्षा सापडणे कठीण. इंग्रज तत्त्वज्ञ गिल्बर्ट राइल यांनी 1949 साली हाच मुद्दा मांडला: कृतीतले शहाणपण हे आधी मनात म्हटलेल्या नियमाची नक्कल नसते.

पण खांब होण्याचा धोका संपत नाही. शेजारच्याच्या हाताकडे बघून हात उचलणारे मूल चाल बदलली की कोलमडते, कारण ते गाणे ऐकतच नसते. जपानचे व्हायोलिनशिक्षक शिनिची सुझुकी (1898–1998) यांनी मूल मातृभाषा शिकते त्याच वाटेने वाद्य शिकवले: आधी भरपूर ऐकणे, वाचन मागाहून. मंडळातले मूल त्याच वाटेने जाते. फरक एवढाच की त्याच्या कानावर स्वरांबरोबर अभंगही पडतो आणि देवासमोर बसायची रीतही.

कान चुकाही जपून ठेवतो, ही तक्रार रास्त आहे. भातखंडे आणि पलुस्करांनी स्वरलिपी घडवली ती काही उगाच नव्हे. तरी पडताळा कागदावरच होतो असे मानायचे कारण नाही. वैदिकांनी पद, क्रम, जटा, घन असे पाठ बांधून लिपीविना शुद्धता राखली. मंडळातही जुना पखवाजी मुलाला हात थांबवायला लावून बोल तोंडाने म्हणायला सांगतो. अडखळ कुठे आहे ते तिथेच उघडे पडते.

सगळ्यात अवघड प्रश्न मात्र वेगळाच आहे. कानाने शिकायचे तर नाद चालू असतो तिथे बसायला मिळाले पाहिजे. धर्मशास्त्राने शूद्राला वेद ऐकण्याचीच बंदी केली होती, आणि देवळाची पायरी ज्यांना बंद त्यांच्या मुलांना देवळातला पखवाजही दुरूनच ऐकावा लागे. रत्नागिरीत 1931 साली भागोजीशेठ कीर यांनी बांधलेले आणि सावरकरांच्या पुढाकाराने सर्व जातींच्या हिंदूंना खुले झालेले पतितपावन मंदिर या दृष्टीनेही पाहायला हवे: दर्शनाबरोबर ऐकण्याचा हक्कही तिथे मोकळा झाला. मुलींच्या बाबतीत हा हिशेब अजून पुरा झालेला नाही. महिला भजनी मंडळे ठिकठिकाणी आहेत, पण जिथे मुलगी टाळापर्यंतच थांबवली जाते, तिथे तिचा कान तयार असूनही हात रिकामा राहतो. आणि हे अज्ञान तिचे नसते, तिला बसू न देणाऱ्यांचे असते.