खणातली तबकडी

दिवाळी तोंडावर आली की आमच्या घरी कपाटांचे खण उपसण्याचा एक सोहळा होतो. हरवलेल्या काही वस्तू त्यात सापडतात, हाताशी असलेल्या काही हरवतात, आणि एकूण हिशेब बरोबरीत सुटतो. गेल्या वर्षी या सोहळ्यात टीव्हीखालच्या खणातून, जुन्या दिवाळी अंकांच्या गठ्ठ्याखालून, एक तबकडी निघाली. तिच्यावर माझ्याच अक्षरात लिहिले होते : ‘लग्न, भाग २’.

मुलीचे लग्न २००५ साली झाले. त्या वेळी चित्रण करणाऱ्याने आम्हांला दोन डीव्हीडी दिल्या होत्या. दुसरीच्या अगदी शेवटी पाठवणी आहे, आणि त्या पाठवणीत माझी आई आहे. आई २००७ साली गेली. तिचे फोटो पुष्कळ आहेत. पण ती हलते आहे, बोलते आहे, अशी जागा या जगात आता एकच उरली आहे : ती तबकडी.

“यात आई आहेत ना?” पदराने तबकडी पुसत ही म्हणाली, “बघा एकदा लावून. तुमचं-माझं भांडण तरी मिटेल.”

या भांडणाची हकिगत सांगायला हवी. पाठवणीच्या वेळी मुलगी गाडीत बसण्यापूर्वी आईने तिचा चेहरा दोन्ही हातांत धरला आणि ती काहीतरी बोलली. एवढ्यावर सर्वांचे एकमत आहे. माझ्या आठवणीप्रमाणे ती म्हणाली, “दोन्ही घरं उजळ कर, बाळ.” हिच्या आठवणीप्रमाणे ती म्हणाली, “आता रडायचं नाही, मागं वळून बघायचं नाही.” लग्नाचा विषय निघाला की हा वाद हटकून निघे. नातेवाइकांतही दोन पक्ष पडले होते. खुद्द मुलीला विचारावे, तर ती म्हणे, “मला त्या वेळी काही ऐकूच येत नव्हतं.”

वाद मिटवणे सोपे दिसत होते, पण ते तसे नव्हते. आमचा जुना प्लेअर शाबूत होता. परंतु ज्या जाडजूड टीव्हीशी त्याची सोयरीक जुळली होती, तो घरातून केव्हाच गेला होता. नव्या सडपातळ टीव्हीला पिवळ्या, लाल आणि पांढऱ्या वायरी खुपसण्याची भोकेच नव्हती. तेव्हा नवा प्लेअर निवडणे आले.

मुलाने ऐकले आणि तो हसला. “बाबा, प्लेअर आता कोण घेतं? सगळं वरून येतं.”

पाऊस आणि परमेश्वराची कृपा यांखेरीज वरून काही येते, यावर माझा अजून पुरता विश्वास बसलेला नाही. पण मुलाचे म्हणणे चुकीचे नव्हते. महिन्याचे पैसे भरले की हजारो चित्रपट घरात उतरतात. धूळ पुसायला नको, खण अडवायला नको. मग माणसाने वस्तू जवळ बाळगावीच कशाला? या प्रश्नाने मला दोन दिवस स्वस्थ बसू दिले नाही.

‘माझे’ हा शब्द आपण किती सहज उच्चारतो! अमेरिकेतून आलेल्या एका नातलगाने पूर्वी मला एका चित्रपटाची डीव्हीडी भेट दिली होती. आमच्या प्लेअरने ती चालवायला साफ नकार दिला. चौकशी केली तेव्हा समजले की, चित्रपट विकणाऱ्यांनी डीव्हीडीसाठी जगाचे विभाग पाडले आहेत. अमेरिका पहिल्या विभागात येते आणि भारत पाचव्या. तबकडी माझ्या हातात होती, पण ती पाहण्याची परवानगी माझ्या हातात नव्हती. २००९ सालच्या जुलै महिन्यात तर याहून मासलेवाईक प्रकार घडला. ॲमेझॉन कंपनीच्या किंडल यंत्रावर वाचकांनी विकत घेतलेली काही पुस्तके कंपनीने दुरूनच पुसून टाकली. ज्याने ती तिथे विक्रीला ठेवली होती, त्याच्याकडे तसा हक्कच नव्हता, असे त्याचे कारण होते. कंपनीने पैसे परत केले, तिच्या प्रमुखांनी पुढे माफीही मागितली. गंमत अशी की, त्या पुस्तकांत जॉर्ज ऑर्वेलची ‘१९८४’ ही कादंबरी होती, जिच्यात सरकारला नको असलेला मजकूर नाहीसा करण्याचे एक खातेच आहे! कॅलिफोर्निया राज्यात तर १ जानेवारी २०२५ पासून असा कायदाच लागू झाला आहे की, असा माल ‘विकत घ्या’ म्हणून विकताना, तुम्हांला मालकी नव्हे, केवळ वापरण्याचा परवाना मिळतो आहे, हे गिऱ्हाइकाला स्पष्ट सांगितले पाहिजे.

हे सारे मी मुलाला मोठ्या अभिनिवेशाने ऐकवले. तो शांतपणे म्हणाला, “बाबा, ती तबकडी तर तुमच्याच खणात होती. वीस वर्षांत किती वेळा पाहिलीत?”

मी आठवून पाहिले. दोनदा. एकदा लग्नानंतर लगेच, आणि एकदा व्याही घरी आले होते तेव्हा. त्या वेळीही फराळाच्या गडबडीत शेवट पाहायचा राहिलाच. आई गेल्यावर तर एकदाही नाही. पहिल्या वर्षी धीर झाला नाही. पुढे धीर आला, तेव्हा सवड झाली नाही. आणि नंतर, ती खणात आहे या भरवशावर, मी तिला विसरलो. वरून येणाऱ्या चित्रपटांवर माझी मालकी नव्हती हे खरे. पण या तबकडीवर तरी ती कुठे होती? किल्ली माझ्या जानव्याला असती, तरी खण बंदच राहिला असता.

तेव्हा जरा खजील होऊनच मी तबकडी रुमालात गुंडाळली आणि बुधवार पेठेतली तपकीर गल्ली गाठली.

दुकानातला तरुण मोठा उत्साही होता. त्याने तीन यंत्रे माझ्यापुढे मांडली. एक साधा डीव्हीडी प्लेअर. तो तांबड्या लेसर किरणाने वाचतो आणि एका थराच्या तबकडीतून ४.७ गीगाबाइट मजकूर काढतो. दुसरा ब्लू-रे, त्याचा किरण निळसर जांभळा आणि अधिक बारीक, म्हणून तेवढ्याच आकाराच्या तबकडीच्या एका थरात २५ गीगाबाइट मावतात, आणि जुन्या डीव्हीडीही तो चालवतो. तिसरा त्याहून थोर, फोर-के चित्राचा. त्याच्या तबकडीत १०० गीगाबाइटपर्यंत जागा. या तिसऱ्यावर त्याने समुद्रातल्या माशांचे चित्र लावले. मासे फारच सुंदर होते. त्यांचे खवलेन् खवले मोजता आले असते. पण मी काही मासे पाहायला आलो नव्हतो.

“माझी जुनी डीव्हीडी यावर अशीच स्वच्छ दिसेल?” मी विचारले.

“काका, मशीन चित्र वाढवून घेतं ना,” तो म्हणाला.

मी आयुष्यभर शाळेत गणित शिकवले. ‘वाढवून घेतं’ म्हटल्यावर हिशेब केल्यावाचून मला राहवेना. आपल्याकडच्या डीव्हीडीचे चित्र ७२० गुणिले ५७६ ठिपक्यांचे, आणि फोर-के पडदा ३८४० गुणिले २१६० ठिपक्यांचा. भागाकार केला, तो बरोबर वीस आला, बाकी शून्य. म्हणजे ते चित्र पडदाभर पसरायचे, तर तबकडीतला खरा ठिपका एक, आणि यंत्राने शेजारपाजार पाहून अंदाजाने भरलेले ठिपके एकोणीस! हा आकडा माझ्या मनात रुतून बसला. तो तिथे का रुतला, हे मला पुढे कळायचे होते.

मग मी रुमाल सोडला. “ही लावून दाखवा,” मी म्हणालो. तबकडी पाहून त्या तरुणाचा चेहरा उतरला. तिच्यावर चरे होते, आणि तेही नेमके कडेला. डीव्हीडीचे वाचन आतून सुरू होते आणि चकलीच्या वेढ्यासारखे फिरत कडेकडे येते. आणि माणसाची बोटे पडतात ती कडेवरच. म्हणून आमच्या तबकडीतली सप्तपदी ताजीतवानी राहिली होती, आणि पाठवणी मात्र झिजली होती.

माशांवाल्या थोर यंत्राने तबकडी आत घेतली, क्षणभर फिरवली, आणि बाहेर काढून दिली. ब्लू-रेने सप्तपदी दाखवली, पंगत दाखवली. पाठवणीपाशी चित्राचे चौकोन चौकोन झाले आणि ते जागच्या जागी थिजले. साधा प्लेअरही तिथे अडखळला. आतून घरघर ऐकू आली, तो जरा मागे गेला, पुन्हा पुढे आला; जाडजूड ऐनक लावलेल्या कारकुनाने पुसट दस्तऐवज वाचावा तसा तो पुटपुटत राहिला, आणि अखेर पुढे सरकला. दुकानातल्या गलक्यात शब्द ऐकू आले नाहीत. पण आईचे हात मला दिसले.

“हाच द्या,” मी म्हणालो.

स्वस्त यंत्र नेहमीच चांगले, असा याचा अर्थ नव्हे; दुसऱ्या कुणाच्या तबकडीला कदाचित उलटा अनुभव येईल. पण निवडीची एक कसोटी मला त्या दिवशी सापडली. यंत्र घ्यायला जाताना आपल्या घरातली सर्वांत खराब तबकडी बरोबर न्यावी. नव्या कोऱ्या मालापुढे सगळीच यंत्रे गुणी असतात. घराची पारख आपण पाहुण्यांच्या पानावरून करतो, पण ती खरी होते घरातल्या म्हाताऱ्या माणसाच्या पानावरून. यंत्राचेही तसेच आहे.

धनत्रयोदशीच्या संध्याकाळी आम्ही सारे बैठकीच्या खोलीत जमलो. प्रथम चित्र पडदाभर ताणलेले आले आणि जन्मभर काटकुळी असलेली माझी आई चांगली भरल्या अंगाची दिसू लागली. सगळे हसले. मुलाने टीव्हीत काहीसे फिरवले. दोन्ही बाजूंना काळे पट्टे आले आणि मधोमध आई पुन्हा आईच्या मापाची झाली. पाठवणी आली. यंत्र घरघरले. सनईच्या सुरांतून आईचा तो जरासा घोगरा आवाज आला :

“सकाळपासून काही पोटात गेलंय का गं तुझ्या?”

मुलीने मान हलवली, आणि गाडीचे दार लागले.

खोलीत कुणीच काही बोलले नाही. मग ही हसली आणि हसता हसता तिने डोळ्यांना पदर लावला. वाद दोघेही हरलो होतो.

वर्षभर मी या गोष्टीचा विचार करतो आहे. आम्ही दोघे खोटे बोलत नव्हतो. आईचे हात, तिचा चेहरा, तो प्रसंग, हा एक खरा ठिपका आमच्यापाशी होता. उरलेले एकोणीस आम्ही प्रेमाने भरले. मी तिच्या तोंडी सुविचार घातला, हिने धीराचे बोल घातले. आणि ज्याने त्याने घातलेले शब्द ज्याच्या त्याच्या स्वभावाचेच होते. प्रेमाचा हा दोष आहे. ते गेलेल्या माणसाला सजवते, आणि सजवता सजवता त्याच्या जागी स्वतःच जाऊन बसते. आपण पितरांना दरवर्षी पान वाढतो. पण ते जसे होते तसे त्यांना राहू देणे, हेही त्यांचे आपल्याकडे एक देणे नाही काय?

कुणी म्हणेल, तुमचा वाद गोड होता. तो मिटवून काय साधले? मलाही असे वाटून गेले. परंतु आम्ही रचलेली वाक्ये कुठल्याही आजीच्या तोंडी शोभली असती. पोटात काही गेले का, हे त्या गर्दीत, त्या घटकेला माझ्याच आईने विचारले. खरे वाक्य आमच्या वाक्यांहून लहान होते, आणि त्यात ती सबंध मावली होती. १९३१ साली आलेल्या ‘आलम आरा’ या आपल्याकडच्या पहिल्या बोलपटाची एकही प्रत आज शिल्लक नाही. त्याच्याविषयी कुणी काहीही सांगावे. ‘नाही, ते असे नव्हते’, असे म्हणायला तो चित्रपट आता येणार नाही. जपणे म्हणजे काय, याचे उत्तर मला इथे सापडते. आपली चूक दाखवू शकेल असे काही शिल्लक ठेवणे, आणि अधूनमधून त्याच्यापुढे जाऊन बसणे, म्हणजे जपणे. वस्तू खणात असो की वरून येवो, जिच्यापुढे जाऊन बसण्याचे कष्ट मी घेतो तेवढीच माझी.

घरी लिहिलेल्या अशा तबकड्यांतला रंगाचा थर काळाने विटतो, म्हणून मुलाने त्याच रात्री तिच्या तीन प्रती काढल्या. एक आमच्याकडे राहिली, एक त्याच्याकडे, आणि एक त्याने बहिणीला पाठवली. तीही अर्थातच वरून.

भाऊबीजेच्या दिवशी मुलीचा फोन आला. बराच वेळ ती बोलेना. मग म्हणाली, “बाबा, मी आजीला मान हलवून हो म्हटलं ना, ते खोटं होतं. मी सकाळपासून काहीच खाल्लं नव्हतं.”