आधी विहीर बघा

महाबळेश्वरला वर्षाकाठी पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस कोसळतो. सातारा जिल्ह्यातच असलेल्या माण तालुक्यात मात्र जेमतेम पाचशे. ढग घाटमाथ्यावरच मोकळे होतात. एसटीच्या खिडकीतून हा मुलूख उघडाबोडका वाटतो, पण खाली उतरून पाहावं. नेपतीच्या झुडपाला पान जवळजवळ नसतंच, हिरव्या काड्याच पानांचं काम करतात. बाभळीने पानं इतकी बारीक ठेवलीत की उन्हाला त्यातून फारसं पाणी ओढून नेता येत नाही. तरवड तर नवरात्रात पिवळाधमक फुलतो आणि घटाच्या माळेत जाऊन बसतो. जेवढं मिळतं तेवढ्यात या झाडांचं छान चाललेलं असतं.

अहिल्यानगर जिल्ह्यातलं हिवरे बाजारही असंच कमी पावसाचं गाव. १९८९ साली पोपटराव पवार सरपंच झाले. पुढे गावाने डोंगरावर चर खणले, कुऱ्हाडबंदी केली, चराईबंदी केली. गवत हवं तर विळ्याने कापून न्यायचं, गुरं सोडायची नाहीत. शेतीसाठी बोअर घ्यायची नाही. पण मला सगळ्यात आवडतो तो त्यांचा पाण्याचा ताळेबंद. पावसाळा सरला की किती पाऊस झाला, विहिरींत किती पाणी आहे हे मोजतात आणि ग्रामसभेत हिशोब मांडतात. माणसांचं आणि जनावरांचं पिण्याचं पाणी आधी बाजूला. उरेल त्यावर कुठली पिकं घ्यायची ते ठरतं. ऊस आणि केळी तर नकोच. यात कंजुषी नाही बरं का! पाऊस चांगला झाला की हातही सैल सुटतो.

आपला दिवस बहुधा उलट्या क्रमाने जातो. ऊस आधी, पिण्याचं नंतर! येईल त्या कामाला हो म्हणून टाकतो आणि संध्याकाळी घरच्यांशी धड दोन शब्द बोलायलाही अंगात काही उरत नाही. म्हणून सकाळी चहा घेताना जरा विहिरीत डोकवावं. रात्री झोप झाली का? लेकराच्या तापाने जागरण घडलं का? मग आज पाणी कमी आहे, एवढंच. त्यात रडण्यासारखं काही नाही. जेवण, थोडी विश्रांती, आईला करायचा फोन, हे आधी बाजूला काढावं. मग कामांची यादी हातात घ्यावी.

यादीतलं एखादं काम आज बसत नसेल तर सकाळीच सांगून टाकावं, "आज नाही जमणार, गुरुवारी दिलं तर चालेल का?" संध्याकाळी सहाला सांगितलं तर समोरचा चिडतो. सकाळी सांगितलं की बहुतेक जण म्हणतात, "चालेल की!"