चाललं, पण कशाच्या जोरावर?

सोर्सपासून सॉफ्टवेअर बिल्ड करणाऱ्या माणसाने 'झालं' कधी म्हणावं, हा प्रश्न मी हल्ली स्वतःला विचारत असतो. बिल्ड संपला, टेस्ट पास झाल्या, प्रोग्राम सुरू झाला, की मी उठायला मोकळा होतो. पण तो कशाच्या जोरावर सुरू झाला, हे मला चार ओळींत लिहून देता येईल का? येत नसेल, तर मी दुसऱ्याच्या हाती जे सोपवतो ते माझं काम म्हणायचं की माझ्या मशीनची कृपा?

हा प्रश्न सगळ्यात आधी उभा राहतो तो कॉन्फिगर स्क्रिप्टपाशी. डेव्हिड मॅकेन्झी यांनी १९९१ मध्ये ही स्क्रिप्ट तयार करणाऱ्या ऑटोकॉन्फवर काम सुरू केलं, तेव्हा युनिक्सच्या नाना तऱ्हा चालू होत्या. प्रत्येकीचा कंपायलर वेगळा, लायब्ररी थोड्याथोड्या वेगळ्या. म्हणून कॉन्फिगर स्क्रिप्ट काहीच गृहीत धरत नाही. चिमुकले प्रोग्राम लिहून, ते कंपाइल करून ती मशीनलाच विचारते: हे फंक्शन आहे का? हे हेडर सापडतं का? कोणता कंपायलर वापरायचा, हे तिला सीसी या व्हेरिएबलमधून सांगता येतं. कंपायलरचे पर्याय सीफ्लॅग्जमधून, हेडरचे पाथ सीपीपीफ्लॅग्जमधून आणि लिंकरच्या सूचना एलडीफ्लॅग्जमधून जातात.

सांगायच्या रीती दोन. 'सीसी=क्लँग' हे स्क्रिप्टच्या नावाआधी लिहिलं तर ते एन्व्हायर्नमेंटमधून जातं, नावानंतर लिहिलं तर अर्ग्युमेंट म्हणून जातं. प्रोग्राम बहुतेक वेळा दोन्हीकडून सारखाच तयार होतो. फरक पडतो तो नोंदीत. कॉन्फिग.लॉग ही फाईल उघडून पाहा. स्क्रिप्ट कोणत्या कमांडने चालवली, ते अगदी वरच्या ओळींत लिहिलेलं असतं. नावानंतर दिलेलं सगळं तिथे दिसतं. नावाआधी दिलेलं, किंवा शेलच्या प्रोफाइलमध्ये कधीकाळी एक्स्पोर्ट करून ठेवलेलं, त्या ओळीत नसतं. ते शोधायला फाईलच्या तळाकडे कॅश व्हेरिएबल्सच्या यादीत जावं लागतं. सीसी किंवा सीफ्लॅग्ज बाहेरून आले होते का आणि त्यांची व्हॅल्यू काय होती, हे स्क्रिप्टने तिथे आपणहून टिपलेलं असतं. पण सी-इन्क्लूड-पाथ आणि लायब्ररी-पाथ ही दोन व्हेरिएबल्स जीसीसी हा कंपायलर थेट एन्व्हायर्नमेंटमधून वाचतो. त्यांची नोंद सहसा तिथेही सापडत नाही. बिल्डवर त्यांचा परिणाम होतो आणि मागे खूण राहत नाही.

हे सगळं ठाऊक असूनही प्रोफाइलमध्ये दोन ओळी टाकून मोकळं व्हावं, असं मला का वाटतं? सोय हे एक कारण आहे, आणि सोयीत काही वावगं नाही. पण खोलवर पाहिलं तर दुसरं कारण सापडतं, आणि ते मला आवडत नाही. 'माझ्याकडे तर बिल्ड होतंय' हे वाक्य बोलताना आत कुठेतरी बरं वाटतं. समोरच्याचं अडलेलं असतं, किल्ली माझ्याकडे असते, आणि ती माझ्याकडेच आहे याचं एक सुप्त समाधान असतं. न लिहिलेल्या सेटिंगमुळे माझी गरज टिकून राहते. टीममधल्या नव्या मुलीला दिवसभर झगडूनही बिल्ड जमत नसेल, तर त्या दिवसाची किंमत माझ्या या समाधानासाठी ती मोजत असते. हे स्वतःशी कबूल केल्यावर सोयीचं कारण पुढे करायला माझी जीभ रेटत नाही.

दुसरा प्रश्न अज्ञानाचा नाही, बेफिकिरीचा आहे. सीफ्लॅग्ज रिकामं असेल आणि कंपायलर जीसीसी असेल, तर ऑटोकॉन्फ स्वतःहून दोन पर्याय घालतो: डीबगची माहिती ठेवणारा 'जी' आणि ऑप्टिमायझेशनचा 'ओ-टू'. हेडर सापडत नाही म्हणून कुणी घाईत सीफ्लॅग्जमध्ये नुसता एक पाथ लिहिला, की हे दोन्ही गळून पडतात. एररही येत नाही, वॉर्निंगही येत नाही. प्रोग्राम चालतो, फक्त संथ चालतो, आणि तो कोसळला तर डीबगरला धड काही सांगता येत नाही. पाथची जागा सीपीपीफ्लॅग्जमध्ये होती. चूक गप्प राहते म्हणून ती लहान ठरत नाही.

वॉर्निंगला एरर ठरवणारा फ्लॅगही असाच. कोडची शिस्त राहावी म्हणून तो लावावा, हेतू चांगलाच. पण तो कॉन्फिगरच्या आधीच सीफ्लॅग्जमध्ये घातला, तर स्क्रिप्टचे चिमुकले प्रोग्रामही त्याच कडक नियमाने तपासले जातात. एखादा किरकोळ वॉर्निंगपायी फसतो आणि स्क्रिप्ट लिहून टाकते की हे फंक्शन या मशीनवर नाही. ते असतं. प्रोग्राम मात्र ते नाही असं धरून तयार होतो. २०२४ मध्ये आलेल्या जीसीसी १४ ने डिक्लेरेशनशिवाय फंक्शन वापरणं ही थेट एरर ठरवली, तेव्हा जुन्या कॉन्फिगर स्क्रिप्टच्या बाबतीत हीच भीती होती. यातून मी स्वतःसाठी एक गोष्ट घेतो: 'नाही' असं उत्तर आलं की आधी आपण प्रश्न कसा विचारला ते पाहायचं.

मी बिल्ड करणारा आहे तसा बिल्डच्या फाइल्स लिहिणाराही आहे, आणि तिथे माझ्यावर दुसऱ्याच्या हक्काची जबाबदारी आहे. ग्नूच्या कोडिंग स्टँडर्ड्समध्ये हे स्पष्ट आहे की सीफ्लॅग्ज वापरणाऱ्याचं आहे. प्रोग्रामला जे फ्लॅग लागतातच, ते पॅकेज लिहिणाऱ्याने वेगळे ठेवायचे. ऑटोमेक यासाठी एएम-सीफ्लॅग्ज देतं आणि वापरणाऱ्याचं सीफ्लॅग्ज त्याच्या नंतर जोडतं, म्हणजे शेवटचा शब्द वापरणाऱ्याचा राहतो. मला जास्त कळतं असं वाटून मी तो शब्द काढून घेतो का? मेकफाइलमध्ये सीफ्लॅग्ज ठोकून बसवण्याचा मोह होतो, तेव्हा हा प्रश्न टाळण्यात अर्थ नाही.

आणि सगळ्यात अवघड प्रश्न २०२४ च्या मार्चने विचारला. एक्सझेड या कॉम्प्रेशनच्या पॅकेजच्या ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांत मागचा दरवाजा बसवलेला सापडला. तो चालू करणारी, कॉन्फिगर स्क्रिप्ट जिच्यातून बनते अशी एम-फोर फाईल प्रसिद्ध केलेल्या टारबॉलमध्ये होती, गिट रिपॉझिटरीत नव्हती. म्हणजे घातपाताने आत शिरायला निवडली ती नेमकी कॉन्फिगरची वाट, जी आपण सगळे न वाचता चालवतो. आंद्रेस फ्रॉइंड यांना तो सापडला, कारण एसएसएचचं लॉगिन सुमारे अर्धा सेकंद जास्त घेत होतं आणि त्यांनी ते सोडून दिलं नाही. त्यांच्या जागी मी असतो तर? सगळं चालत होतं. चालत असलेल्या गोष्टीतल्या अर्ध्या सेकंदाचा पाठपुरावा मी केला असता का? छातीठोकपणे हो म्हणायची माझी तयारी नाही.

हजारो ओळींची कॉन्फिगर स्क्रिप्ट मी प्रत्येक वेळी वाचणार नाही, हेही मला माहीत आहे. मग माझ्याकडून काय अपेक्षित आहे? जमेल तिथे टारबॉलमधली तयार स्क्रिप्ट बाजूला ठेवून मूळ सोर्समधून ती नव्याने तयार करणं. कोणतं इनपुट दिलं ते नोंदीत ठेवणं. आपण काय तपासलं आणि काय विश्वासावर सोडलं, हे न लपवणं. डेबियनमध्ये २०१३ पासून रीप्रोड्यूसिबल बिल्ड्सचं काम चाललं आहे आणि तिथे पॅकेजसोबत बिल्डइन्फो नावाची फाईल तयार होते. कोणत्या आवृत्तीची कोणती पॅकेजेस आणि कोणती एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल्स होती, हे तीत लिहिलेलं असतं. कुणीही परत बिल्ड करून ताडून पाहावं, असं हे आमंत्रण आहे. आपलं काम कुणी तपासू शकेल अशा रीतीने करणं, यापेक्षा मोठा प्रामाणिकपणा आमच्या धंद्यात मला दिसत नाही.

म्हणून मी स्वतःला घातलेला नियम साधा आहे. जे सांगायचं ते स्क्रिप्टच्या नावानंतर, सगळ्यांना दिसेल असं सांगायचं. प्रोफाइलमधले जुने एक्स्पोर्ट काढून टाकायचे आणि बिल्डसाठी स्वच्छ शेल घ्यायचं. हा लेख वाचणारा माझ्याच व्यवसायातला असेल, तर त्याला एवढंच सांगणं आहे: पुढचा बिल्ड कुणाच्या हाती द्याल, तेव्हा त्यासोबत कमांडची पूर्ण ओळ आणि कॉन्फिग.लॉगही द्या. घेणाऱ्याचा तो हक्क आहे.