उघाडी, बांध आणि चढता समुद्र

कोकणातल्या खाड्यांच्या काठची भातशेती मातीच्या बांधांवर आणि त्या बांधांतल्या उघाड्यांवर तगून आहे. रायगड जिल्ह्यात पेण-अलिबागच्या खारेपाटात शेतकऱ्यांनी भरतीचे पाणी अडवून पिढ्यान्‌पिढ्या जमीन राखली. गोव्यातली खाजन शेतीही त्याच जातीची. उघाडीची रचना साधी असते. ओहोटीला खाडी उतरली, की आतल्या पाण्याच्या दाबाने झडप उघडते आणि शेतातले पावसाचे पाणी बाहेर पडते. भरती चढू लागली, की खाडीचेच पाणी ती झडप दाबून बंद करते. हवामानबदलामुळे किनाऱ्याचे काय होणार, ते या झडपेपाशी फार लवकर दिसू लागते.

समुद्र चढतो तो मुख्यतः दोन कारणांनी. तापलेले पाणी प्रसरण पावते आणि जमिनीवरचा बर्फ वितळून समुद्रात येतो. आयपीसीसी या हवामानबदलाचा अभ्यास करणाऱ्या आंतरशासकीय समितीच्या २०२१ च्या अहवालानुसार १९०१ ते २०१८ या काळात जगाची सरासरी समुद्रपातळी सुमारे २० सेंटिमीटरने वाढली. १९७१ पर्यंत ही वाढ वर्षाला १.३ मिलिमीटर होती, २००६ ते २०१८ मध्ये ती ३.७ मिलिमीटरवर गेली. उत्सर्जन भराभर आटोक्यात आले तरी २१०० पर्यंत पाव ते अर्धा मीटर वाढ संभवते. ते बेबंद वाढत राहिले तर एक मीटरपर्यंत.

असे आकडे वाचले, की बांधावरून आत घुसणारा समुद्र डोळ्यांपुढे येतो. नुकसान मात्र त्याच्या कितीतरी आधी सुरू होते. पातळी वाढली, की ओहोटीही पूर्वीइतकी खाली जात नाही आणि उघाडी उघडी राहण्याचा अवधी घटतो. जुलैतला मुसळधार पाऊस आणि अमावास्या-पौर्णिमेचे उधाण एकाच वेळी आले, की भात कुजतो तो तुंबलेल्या गोड्या पाण्यात. मुंबईचीही अडचण हीच. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि भरतीने त्याची वाट अडवली. पुढे शहराने हाजीअली, लव्हग्रोव्ह, इर्ला अशी उदंचन केंद्रे बांधली. खारेपाटाच्या शेतकऱ्याला तसले पंप कुठून परवडणार?

त्यात अरबी समुद्र तापतो आहे आणि त्याने वादळांना बळ मिळते. जून २०२० मधले निसर्ग आणि मे २०२१ मधले तौक्ते या चक्रीवादळांनी कोकण झोडपले. वादळी उधाणात बांधाला खांड गेली, की खारे पाणी शेतभर पसरते. ‘पनवेल ३’सारखे भाताचे वाण काही प्रमाणात क्षार सोसतात; पण खांड वेळेत बुजली नाही तर त्यांचाही निभाव लागत नाही.

वाळूच्या पुळणी आणि कांदळवने यांना चढत्या समुद्रावर एक उपाय ठाऊक आहे, तो म्हणजे मागे सरणे. शंभर मीटरला एक मीटर चढ असलेल्या किनाऱ्यावर पाणी ३० सेंटिमीटर वाढले, की पाण्याची कड ३० मीटर आत येते. तेवढी मोकळी जागा मागे असली तर पुळण आणि तिवरे तिकडे सरकतात. तिथे रस्ता, रिसॉर्ट किंवा धूपप्रतिबंधक बंधारा असेल तर ती चेपली जातात. बंधाऱ्यावर आपटून परतणारी लाट पायथ्याची वाळू ओढून नेते आणि धूप शेजारच्या गावाकडे सरकते. नद्यांवरची धरणे आणि खाड्यांतला रेतीउपसा यांनी पुळणीची रसद आधीच तोडली आहे. अशा वेळी २०१९ च्या किनारा नियमन अधिसूचनेने दाट वस्तीच्या ग्रामीण भागातला ना-विकास पट्टा २०० मीटरवरून ५० मीटरवर आणला. ही सवलत पुढच्या पिढीला महागात पडेल.

सगळे बांध उंच करणे शक्य नाही; काही सोडून द्यावेच लागतील. सोडलेल्या खारजमिनीत कांदळवन रुजते, त्याच्या मुळांत कोळंबी आणि मासळीची पिल्ले वाढतात, लाटांचा जोर मोडतो. मुंबई उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये कांदळवनतोडीवर राज्यभर बंदी घातली, ती योग्यच होती. मात्र ज्याच्या पडीक खाचरात तिवरे उगवली, त्याचे सातबाऱ्यावर नाव उरते आणि पीक जाते. कुठला बांध राखायचा आणि कुठला सोडायचा हे ठरवताना, ज्याची जमीन समुद्राला द्यायची त्याचा मोबदलाही त्याच आराखड्यात, बांध सोडण्याआधी ठरलेला असायला हवा.