आडवी बाटली

पुतण्याची गाडी दारात आली तेव्हा रात्रीचे साडेअकरा वाजून गेले होते. मुंबईला विमान उतरलं, मग माळशेज घाट, आळेफाटा, नारायणगाव, कळंब आणि तिथून आत निरगुडसर. शेवटचा रस्ता उसातून येतो. रात्री त्या रस्त्यावर हल्ली कुणी पाय मोकळे करायलाही उतरत नाही. बिबट्या कुठल्या सरीत दबा धरून असेल सांगता येत नाही. पण उतरल्या उतरल्या पुतण्याच्या तोंडून पहिलं वाक्य निघालं ते असं : "काका, दोन्ही धड आल्यात."

'दोन्ही' म्हणजे काय ते फक्त मला कळलं. आई ओसरीवर जागीच होती. तिला वाटलं, नवरा-बायको दोघं धड आली. "पांडुरंगाची कृपा," म्हणाली आणि तिनं दोघांवरून भाकरतुकडा ओवाळून टाकला.

खरं सांगायचं तर मागणी माझीच होती. पोरगा सिंगापूरहून चार रात्रींच्या क्रूझवर निघाला म्हटल्यावर मी फोनवर आवाज खाली घेऊन म्हणालो होतो, "जमलं तर बघ एखादी." साठीकडे झुकलेला माणूस, घरात सून, ओसरीवर गळ्यात तुळशीची माळ घातलेली म्हातारी. आवाज खाली घ्यावाच लागतो.

दुसऱ्या दिवशी गोठ्यामागे बसून त्यानं मला बाटलीचा प्रवास सांगितला. मी आयुष्यात एवढं लक्ष देऊन प्रवासवर्णन ऐकलेलं नाही. जहाजावरच्या दुकानात करमुक्त बाटली मिळते, पण पैसे दिले की लगेच हातात येत नाही. जहाजवाले ती आपल्याकडे ठेवून घेतात आणि सफरीच्या शेवटी खोलीवर पोचवतात. लगेच दिली तर लोक खोलीतच बसतील, मग बारमध्ये कोण जाणार? धंद्याचं गणित मला पटलं. खरी अडचण पुढं येते. विमानतळावरच्या दुकानातली बाटली सीलबंद पारदर्शक पिशवीत घालून सोबत नेता येते. जहाजावरून आलेल्या बाटलीचे तसे लाड नाहीत. हातातल्या बॅगेत १०० मिलिलीटरच्या वरची कुठलीही पातळ वस्तू चालत नाही, म्हणून तिला मोठ्या सुटकेसमध्ये घालून विमानाच्या पोटात पाठवावं लागतं. तिथंही माप आहे. २४ ते ७० टक्के अल्कोहोल असेल तर माणशी ५ लिटर, तेही दुकानातून आलं तसं बंद. ७० टक्क्यांच्या वरची अजिबात नाही. आणि भारतात उतरल्यावर कस्टमचं माप आणखी आखूड, माणशी २ लिटर. त्याच्या वर असेल तर लाल वाटेनं जाऊन सांगायचं आणि कर भरायचा, आणि तो कर बाटलीच्या किमतीला मागं टाकतो. नवऱ्याच्या आणि बायकोच्या वाट्याची बेरीजही करता येत नाही. तिचे दोन लिटर तिच्याच नावावर. त्याच्या बायकोनं आपला वाटा तसाच सोडून चॉकलेटं आणली होती.

करमुक्त दुकानात बाटली बहुधा लिटरची असते. आपल्याकडचा खंबा ७५० मिलिलीटरचा. दोन लिटरच्या सवलतीत लिटरच्या दोन बरोबर बसतात, याला योगायोग म्हणायला मी तयार नाही.

बांधणी मात्र पाहण्यासारखी होती. प्रत्येक बाटली आधी प्लॅस्टिकच्या पिशवीत, बुचाला चिकटपट्टी, वरून लोकरी मोजा, मग जीनच्या पायात सरकवून गुंडाळी, आणि ती गुंडाळी सुटकेसच्या मधोमध, चारी बाजूंनी मऊ कपडे. कडेला ठेवली की फुटलीच समजा. दोन बाटल्या एकमेकींना लागू द्यायच्या नाहीत. हे शास्त्र त्यानं मोबाईलवर पाहून घेतलं होतं. आमच्या घरात ते जुनंच आहे. बहिणीकडे अंडी पाठवायची तर आई तांदळाच्या डब्यात खोल रोवून पाठवायची, एक अंडं दुसऱ्याला न लागता. कासार बांगड्या आणि आंबेवाले आंबे गवतात बांधत आले. काच काय आणि कवच काय, धक्का कशानं शोषला जातो हे बायकांना भौतिकशास्त्राच्या आधीपासून ठाऊक आहे.

मला गंमत वाटली ती वाटेवरच्या नारायणगावची. ज्या रस्त्यानं या दोन बाटल्या आल्या, त्याच रस्त्यानं ऐंशीच्या दशकात बाटल्या बाहेर जात होत्या. श्यामराव चौगुल्यांच्या इंडेज कंपनीनं नारायणगावात फ्रेंच तंत्रज्ञांच्या मदतीनं फेसाळती वाइन करायला घेतली. शॅम्पेनच्या पद्धतीनं, बाटलीतच दुसऱ्यांदा आंबवून. परदेशात ती 'ओमर खय्याम' या नावानं विकली जायची. तमाशाची पंढरी म्हणवणाऱ्या गावातून एका इराणी कवीच्या नावाची बाटली युरोपला जायची, आणि आमच्यातल्या कित्येकांना पत्ता नव्हता. पुढं ती कंपनी कर्जात बुडाली. जुन्नरची द्राक्षं राहिली. आता ती टोपलीत आणि खोक्यात जातात. माळकऱ्याच्या घरातही उजळ माथ्यानं शिरतात. तेच द्राक्ष बाटलीत गेलं की त्याला गोठ्यामागं बसावं लागतं.

कायद्याचंही असंच आहे. महाराष्ट्रात दारू सर्रास मिळते, पण कायद्याचं नाव आजही दारूबंदी कायदा आहे, १९४९ सालचा. प्यायची, बाळगायची तर परवाना हवा. वर्षाचा परवाना १०० रुपयांना, आयुष्यभराचा १,००० रुपयांना. तो कशासाठी द्यायचा, याचं नियमातलं कारण वाचून मी दोनदा चष्मा पुसला : प्रकृतीचं जतन करण्यासाठी. आमच्या गावचे दिलीप वळसे पाटील २०२० साली हे परवाने देणाऱ्या उत्पादन शुल्क खात्याचे मंत्री होते आणि टाळेबंदीत, त्या मे महिन्यात, सरकारनं परवानाधारकांना दारू घरपोच द्यायला परवानगी दिली होती. पारावर तेव्हा पुष्कळ विनोद झाले. माझ्याकडे परवाना आहे का, असं तेव्हा मला कुणी विचारलं नाही आणि मीही स्वतःला विचारलं नाही. कस्टमच्या हिरव्या वाटेनं निर्धास्त चालत आलेला पुतण्या इथं बसल्या बसल्या माझ्याकडे बघून हसत होता.

आणि या सगळ्या परवान्यांच्या वर महाराष्ट्रात आणखी एक शिक्का आहे. गावातलं दारूचं दुकान बंद व्हावं असं २५ टक्के महिला मतदारांनी लिहून दिलं तर मतदान घेता येतं. मतपत्रिकेवर दोन चित्रं असतात, उभी बाटली आणि आडवी बाटली. उभी म्हणजे दुकान राहू द्या, आडवी म्हणजे बंद करा. निम्म्याहून अधिक बायकांनी आडव्या बाटलीवर शिक्का मारला की दुकान बंद. भाषणाची गरज नाही, लिहिता-वाचता येण्याचीही नाही. नवऱ्याच्या मारानं सुजलेल्या हातालाही तेवढं जमतं. आंबेगाव-जुन्नरच्या ऊसतोडणीच्या फडावर आणि वीटभट्टीवर संध्याकाळी काय चालतं, हे ज्यानं पाहिलंय त्याला त्या चित्राचं वजन कळतं. माझ्या लिटरभर बाटलीचा आणि तिथल्या हातभट्टीच्या फुग्याचा काही संबंध नाही, असं मी स्वतःला बरीच वर्षं सांगत आलोय. दोन्हींतलं द्रव्य एकच आहे, हे मात्र त्या चित्रात स्पष्ट दिसतं. चित्राला लेबल नसतं.

एक बाटली पुतण्या पुण्याला घेऊन गेला. माझी कपाटात ठेवायच्या आधीच आईच्या हाती लागली. सूनबाई मोजे धुवायला काढत होत्या, त्यातल्या एका मोज्यात ती होती. मी पुढं झालो, पण उशीर झाला होता. आईनं मोजा खाली ओढला, काच बोटांनी चाचपली, बुचावरची चिकटपट्टी पाहिली.

"पोटुशा बाईला बी येवढं जपून आणत न्हाईत रं कुनी," ती म्हणाली.

मी म्हटलं, "औषधाला असू दे म्हणून..." नियमातलं कारण तोंडात आयतं आलं होतं.

ती काही बोलली नाही. स्वयंपाकघरात गेली, तांदळाच्या पिंपाचं झाकण काढलं आणि बाटली आत घातली. अंडी रोवायची तशी, हातभर खोल. मी उभी करून ठेवायला गेलो तर तिनं माझा हात बाजूला सारला.

परवा सूनबाईंनी भातासाठी मापटं घातलं आणि ते काचेवर वाजलं. आईनं ओसरीवरूनच विचारलं, "आडवीच हाय न्हवं?"