परदेशी भाडेकरू नको

म्युनिकमध्ये लेकीला खोली मिळेना, हे दुःख आमच्या सोसायटीतल्या एका गृहस्थांनी महिनाभर भेटेल त्याला ऐकवलं. आडनाव बघूनच घरमालक उत्तर देत नाहीत, म्हणाले. सगळेच हळहळले. पुढच्या सभेत विषय निघाला, सी विंगमधला रिकामा फ्लॅट टांझानियाच्या दोन विद्यार्थिनींना द्यायचा का? विरोधात पहिला हात वर गेला तो याच गृहस्थांचा. ‘मुली चांगल्याच असतील हो, पण उगाच कटकट कशाला?’

शिकायला परदेशी गेलेलं पोर तिथे कसं रुळतं, याची काळजी आपण एकाच बाजूने करतो. थंडी, एकटेपणा, बेचव जेवण, सगळं आपल्या मुलांचं. पुण्यात मात्र कित्येक वर्षं इराण, येमेन, अफगाणिस्तान, सुदानमधून मुलं शिकायला येताहेत. त्यांनाही रुळायचंच असतं. आल्यावर 14 दिवसांत नोंदणी, मग घराचा शोध, दलालाची चढी दलाली, परदेशी दिसला की मीटर विसरणारा रिक्षावाला. रस्त्यात वळून बघणारे, न विचारता फोटो काढणारे, केसांना हात लावणारे आपण असतोच.

आमच्या कोपऱ्यावरच्या गिरणीत मी एक परदेशी मुलगी पाहिली. पिशवीत दोन किलो मका. तिला उगाली करायची होती. पाण्यात मक्याचं पीठ घोटून केलेला घट्ट गोळा, तिच्याकडचं रोजचं जेवण. गिरणीवाल्याने पट्टा थांबवून विचारलं, ‘बारीक की रवाळ?’ तिला मराठी कळेना, त्याला इंग्रजी. मग त्याने दोन्ही तऱ्हेचं चिमूट-चिमूट पीठ तिच्या तळहातावर ठेवलं. तिने एक बोटांत चोळून पाहिलं आणि मान हलवली. कशाशी खाणार, हे मी विचारलं, तर म्हणाली, पालकाच्या भाजीशी. आता ती ‘रवाळ’ म्हणते, आणि गिरणीवाला तिच्यासाठी पांढरा मका मिळतो का, याची मार्केटयार्डात चौकशी करतो. ओळखपाळख वाढायला याहून मोठं काही लागत नाही.

अशाच एका साध्या मदतीची जुनी गोष्ट. पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजच्या वसतिगृहात मॉरिशसचा एक विद्यार्थी काविळीने आजारी होता. एक मुलगी त्याला खिडकीतून जेवण देताना तिथले प्राध्यापक शां. ब. मुजुमदार यांना दिसली. मुलांच्या वसतिगृहाच्या खिडकीशी मुलगी, म्हणजे आधी संशयच यायचा. पण त्यांनी चौकशी केली आणि परक्या गावात आजारी पडलेल्या पोराची अवस्था त्यांना कळली. 1971 साली त्यांची सिंबायोसिस ही शिक्षणसंस्था उभी राहिली ती या अस्वस्थतेतून.

आणि डॉक्टर व्हायला अमेरिकेला गेलेल्या आनंदीबाई जोशींचं नाव घेताना आपण थिओडोशिया कार्पेंटर यांना का विसरतो? दंतवैद्याकडे थांबल्या असताना त्यांनी एका मिशनरी मासिकात आनंदीबाईंचे पती गोपाळराव यांचं पत्र वाचलं आणि अनोळखी आनंदीबाईंना आपणहून लिहिलं. 1883 च्या जूनमध्ये न्यूयॉर्कला उतरलेल्या त्या अठरा वर्षांच्या मुलीला त्यांनी न्यू जर्सीतल्या रोझेलमधल्या आपल्या घरी नेलं. साडी नेसणारी, शाकाहारी, वेगळ्या धर्माची पाहुणी. कटकट त्यांनाही कमी नव्हती.

परदेशी भाडेकरू नाकारताना सांगितली जाणारी कागदपत्रांची कटकट हे बहुतेक वेळा निमित्त असतं. गोरा भाडेकरू आला की तीच कागदपत्रं हौसेने भरली जातात. खरी अडचण रंगाची आहे, आणि सभेत ती कोणी उच्चारत नाही. आमच्या सभेतही नाही उच्चारली. मीही त्या दिवशी फक्त मत नोंदवून गप्प बसलो. ठराव पाच मतांनी पडला.

परदेशी भाडेकरू ठेवला तर घरमालकाला 24 तासांत त्याची माहिती कळवावी लागते. लोक त्याला सी-फॉर्म म्हणतात. तो ऑनलाइन भरता येतो. ज्यांची मुलं बाहेर शिकताहेत आणि इथला फ्लॅट रिकामा आहे, त्यांनी निदान हा एक फॉर्म उघडून बघावा.